उजेडाच्या बांगड्या

चष्मेवाल्याची बायको सगळ्यांच्या स्वप्नात येऊन गेली होती, फक्त त्याच्या नाही.

पहिल्यांदा आली ती लेकीच्या. लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, आई आली होती. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून एकेक डबा उघडून बघत होती. म्हणाली, अजून मिठाचं झाकण लावत नाहीस ना." मग ती समोरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेली. तिथे म्हणे तिने उशीचे अभ्रे शिवायला टाकले आणि कधी देता, कधी देता करून बाईंच्या नाकी नऊ आणले. आणि नंतर तर कहरच झाला. पोस्टमन, ज्याचा तिच्याशी संबंध वर्षातून चार पत्रं आणि पेलाभर पाणी एवढाच, तोही एका सकाळी दुकानाच्या पायरीवर टेकून म्हणाला, "काल तुमच्या बाई स्वप्नात आल्या होत्या हो. माझी सायकल धरून उभ्या. म्हणाल्या, मागच्या चाकात हवा कमी आहे. सकाळी बघतो तर खरंच कमी!"

चष्मेवाल्याने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"तुमच्या चाकातली हवा बघायला तिला सवड आहे," तो म्हणाला.

पोस्टमनला आपलं काय चुकलं ते कळलं नाही. तो पाणी न पिताच गेला.

तिला जाऊन अकरा महिने झाले होते. चष्मेवाल्याने सगळे उपाय करून पाहिले होते. तो तिच्या जागी झोपला, तिची उशी घेऊन झोपला, लवकर झोपला, उशिरा झोपला. डोळा लागायचाही. पण स्वप्नात यायचे ते नको ते लोक. शाळेतले मास्तर आले, एकदा तर एक अनोळखी बकरा आला आणि खुर्चीवर बसून स्वतःचा नंबर तपासून घेऊन गेला. ती नाही. तिचा चेहरा त्याला आठवायचा, पण फोटोतला आठवायचा. बोलताना हलणारा चेहरा दिवसेंदिवस पुसट होत चालला होता, आणि नंबर चुकलेल्या चष्म्यातून बघावं तसं त्याला वाटायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? लोक म्हणतील, या वयात काय हे.

नाताळच्या आठ दिवस आधी लेकीचा फोन आला.

"बाबा, आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचतो. आणि हे बघा, या वर्षी घर सजवायच्या भानगडीत पडू नका. तुमच्याकडून व्हायचं नाही ते. येऊ, जेवू, बसू. बास."

"का? व्हायचं नाही का?"

"बाबा, मागच्या वर्षी तुम्ही शिडी धरून उभे होतात, आणि ती पण उलटी."

मागे काहीतरी झटापट झाली आणि नातीने फोन घेतला. नात सहा वर्षांची. तिला सगळे बुंदी म्हणत.

"आजोबा, बांगड्या येतील ना?"

चष्मेवाला म्हणाला, "येतील."

फोन ठेवल्यावर त्याच्या डोक्यात एक विचार शिरला. विचार वेडगळ होता, पण एकदा शिरला तो शिरलाच. नाताळ जवळ आला की ती माणसांत नसायची, घराची होऊन जायची. मग ती अशा घरात येईल कशी, जिथे भिंती उघड्या आणि खिडकी रिकामी? ओळखेल तरी कसं? लेकीकडे तिचे डबे होते, शिवणवालीकडे तिचे अभ्रे होते. इथे तिचं असं काय ठेवलं होतं त्याने? खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर तेवढा. घर तिच्यासारखं झालं, तर ती येईल.

घर म्हणजे दुकानाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. विकतची सजावट या घरात कधी आली नव्हती. सुरुवातीला परवडत नव्हतं म्हणून, आणि नंतर परवडत होतं तरी तिला पटत नव्हतं म्हणून. ती म्हणायची, "विकतची चांदणी सगळ्यांच्या खिडकीत सारखीच. मग देवाने ओळखायचं कसं, कोणाचं घर कुठलं?"

म्हणून ती घरात असेल त्यातून करायची. डोळे तपासायचा जुना तक्ता पिवळा पडला की तो कापून त्याची चांदणी व्हायची. एका टोकावर एकच मोठं अक्षर, दुसऱ्या टोकावर मुंग्यांएवढी बारीक. ती बाहेरून खिडकीच्या वर लावलेली असायची आणि रस्त्याने जाणारी माणसं वर बघता बघता नकळत एक डोळा मिटून वाचायला लागायची. काचा ज्या लहान कागदी पाकिटांतून येतात ती पाकिटं ती वर्षभर साठवायची आणि दुमडून त्यांची माळ करायची. रस्त्याकडेची झाडं छाटली की एक वाळकी फांदी उचलून आणायची, तिला चुन्याचा हात द्यायची आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात दगड भरून त्यात उभी करायची. फांदीवर संत्र्याच्या साली दोऱ्यात ओवून टांगायची, चार दिवस खोलीला वास यायचा. मुरंब्याच्या बरण्यांत मेणबत्त्यांचे तुकडे. झालं नाताळचं घर.

आणि सगळ्यांत शेवटी काचा.

दुकानात टाकाऊ काचांचा एक खोका होता. लोक नवा नंबर करून घेतात आणि जुन्या काचा तिथेच टाकून जातात, त्या सगळ्या त्यात पडायच्या. डिसेंबर लागला की ती खाली यायची, खोक्यापुढे बसकण मारायची आणि एकेक काच दोन बोटांत धरून अंगठ्याने पुसायची. काही बाजूला ठेवायची, काही परत टाकायची. तो म्हणायचा, "राणीसाहेब रत्नं निवडताहेत. दुकान बंद ठेवा." ती म्हणायची, "तुम्ही तुमचं गिऱ्हाईक बघा." निवडलेल्या काचांच्या कडेला बारीक तार गुंडाळून ती त्या दोऱ्याने खिडकीत टांगायची. नाताळ संपला की परत खोक्यात. वर्षभर जपून ठेवायला घरात जागा होती कुठे?

उन्हाळ्यात ऊन त्या खिडकीच्या चौकटीवरूनच मागे फिरायचं. पण डिसेंबरात ते तिरकं होऊन थेट आत यायचं, समोरच्या भिंतीला टेकायचं. आणि मग भिंतभर गोल गोल कडा उमटायच्या. मध्ये हलकी सावली, भोवती उजेडाची बारीक रेघ. जणू कोणी हातातल्या बांगड्या काढून भिंतीवर ठेवल्या आहेत. काचा दोऱ्यावर हळूहळू फिरायच्या, तशा बांगड्या चपट्या व्हायच्या, पुन्हा गोल व्हायच्या, एकमेकींतून आरपार जायच्या. बुंदी भिंतीला हात लावून उभी राहायची आणि एखादी बांगडी बरोबर मनगटावर येईपर्यंत हलायची नाही.

तर चष्मेवाल्याने दुपारचं दुकान बंद ठेवायला सुरुवात केली.

पाकिटांच्या माळेचं दुमडणं त्याला जमेना. त्याने एक जुनी माळ उलगडून पाहिली, तेव्हा कुठे युक्ती कळली. फांदी मिळाली, पण चुना इतका दाट झाला की वाळल्यावर पापुद्रे पडायला लागले. संत्र्याची साल सलग काढता येईना, मग त्याने काच कापायच्या हत्याराने ती कापली, एकदम सुरेख. चांदणीसाठी शिडी रस्त्यावर आणून भिंतीला लावली आणि वर चढला. समोरून शिवणवाल्या बाई ओरडल्या, "अहो, पडलात तर तुमचा चष्मा कोण करणार?"

"शिडी धरायला या, मग पडणार नाही."

"माझ्याकडे दोन कोट आणि एक पडदा पडलाय. तुम्ही पडू नका म्हणजे झालं."

चांदणी लागली. थोडी डावीकडे कलली होती, पण खाली उतरून पाहिल्यावर त्याला ती बरी वाटली. शिडी तिथेच राहिली. ती दर वर्षीच राहायची. आणि दर वर्षी बायको खिडकीतून डोकं काढून सांगायची, "अहो, शिडी आत घ्या. दंव पडतं, लाकूड फुगतं." आणि तो म्हणायचा, "घेतो."

मग काचा. इथे मात्र तो जीव तोडून लागला. हे त्याचं स्वतःचं काम होतं, इथे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तिने आयुष्यभर ओरखडे पडलेल्या, कोपरा उडालेल्या काचा टांगल्या. काटकसरीची सवय, दुसरं काय. या वर्षी तिच्यासाठी चांगल्यातल्या चांगल्या लावायच्या, असं त्याने ठरवलं. पूर्ण खोका त्याने टेबलावर ओतला आणि भिंगासारख्या टपोऱ्या, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेल्या काचा वेचून काढल्या. अठ्ठावीस निघाल्या. कापडाने पुसल्या तशा पाण्याच्या थेंबांसारख्या झाल्या. दोरा मात्र त्याने प्रत्येकीला एक नाही, दोन बांधले, दोन्ही बाजूंनी, म्हणजे काच फिरणार नाही, सरळ समोर तोंड करून राहील. तिच्या काचा गरगर फिरायच्या, ते त्याच्या कारागिराच्या डोळ्याला नेहमीच खुपायचं.

खिडकीच्या फळीवर बटणांची एक बशी होती. ती तिथेच असायची, उजव्या कोपऱ्यापासून वीतभर आत, अगदी वाटेत. फळी पुसताना त्याने ती कधी हलवली तर बायको लगेच येऊन परत जागेवर ठेवायची. आताही काचा टांगताना बशी त्याच्या कोपराला लागत होती. पण त्याने ती हलवली नाही. तिच्या वस्तू तिच्या जागी. खिडकीला लागून तिची खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर तिचा तपकिरी स्वेटर, मागच्या नाताळला तिने काढून ठेवला तसाच. त्याच्या बाहीला अजून कोपराचा बाक होता.

दोन दिवस ढग होते. खिडकीतल्या काचा राखाडी उजेडात नुसत्या लटकत राहिल्या आणि भिंत कोरीच राहिली. नाताळच्या तीन दिवस आधी सकाळी ढग फाटले. चष्मेवाला खाली दुकानात एका आजीबाईंच्या चष्म्याची दांडी घट्ट करत होता. पायरीवर ऊन आलेलं पाहून त्याचा हात हलका झाला. जेवायला वर जाऊ तेव्हा भिंत भरलेली असेल, आणि जेवून तिथेच जरा पडू, असं त्याच्या मनात आलं. आज येईल ती. आज नक्की.

"अहो चष्मेवाले!" रस्त्यावरून पोस्टमन ओरडला. "तुमच्या खिडकीतून धूर येतोय!"

तो जिना कसा चढला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आग नव्हती. खोलीभर लोकर जळाल्याचा वास होता आणि तिच्या स्वेटरच्या खांद्यातून धुराची एक बारीक रेघ सरळ वर जात होती. त्याने स्वेटर ओढला, हातानेच चुरगळला, पाण्याखाली धरला. फळीवर, खुर्चीच्या गादीवर, जमिनीवर डोळे दिपतील असे पांढरे ठिपके बसले होते, साखरेच्या दाण्याएवढे, एकही हलत नव्हता. आणि समोरची भिंत? भिंतीवर एकही बांगडी नव्हती. नुसते अस्पष्ट धब्बे.

शिवणवाल्या बाई वर आल्या तेव्हा तो जिन्याच्या वरच्या पायरीवर ओला स्वेटर मांडीवर घेऊन बसला होता. पोस्टमन खाली सायकलला टेकून वर बघत होता.

"काय झालं?"

"जाळला मी."

"काय जाळलं?"

त्याने स्वेटर पुढे केला. बाईंनी भोकातून बोट आरपार काढलं.

"एवढंसं? मला वाटलं घर गेलं. आणा इकडे, रफू करते."

"आता ती यायची नाही."

"कोण?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे, चांदणीच्या दोऱ्याकडे, फांदीकडे, सालींकडे. त्या शेजारी टेकल्या.

"अच्छा," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे हे सगळं त्यासाठी. मला वाटलं नातीसाठी."

"नातीसाठीही."

"तुमच्याकडे एकदाही आली नाही?"

"बकरा आला होता."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला तरी ते बाहेर आलंच. आणि ते ऐकून त्यालाही ओठाच्या कोपऱ्यात थोडं आलं, पण लगेच गेलं.

"मी एक विचारू?" बाई म्हणाल्या. "रागावू नका. तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवलेत तुम्ही. आणि भिंगाखाली लोकर ठेवलीत? आम्ही शाळेत असताना भिंगाने कागद जाळायचो. एवढं तर पोरांनाही माहीत असतं."

चष्मेवाला उठला. खिडकीपाशी गेला आणि एक काच दोन बोटांत धरली. मध्ये जाड, कडेला पातळ. दुसरी. तीही मध्ये जाड. सगळ्याच. प्लसच्या काचा. म्हाताऱ्या माणसांच्या, वाचायच्या. म्हातारी माणसं वाचायचा चष्मा दिवसातून तासभर लावतात आणि डबीत घालून जपून ठेवतात, म्हणून तर त्यांना ओरखडा नव्हता. ओरखडे पडतात ते मुलांच्या चष्म्यांना, लांबचं न दिसणाऱ्यांच्या. त्या काचा मायनसच्या. मध्ये पातळ, कडेला जाड. त्या ऊन गोळा करत नाहीत, पसरून देतात.

हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दोन दिवस त्याच काचा पुसत, तार गुंडाळत बसला होता तो, आणि अंगठ्याला एकदाही कळलं नव्हतं.

"पण मग ती," तो थांबला. "तिचं एकदाही कसं जळलं नाही? एकतीस वर्षं टांगल्या तिने."

"मला काय विचारता? काच तुमची."

त्याला ती खोक्यापुढे बसलेली दिसली. दोन बोटांत काच, वरून अंगठा. ती धूळ पुसत नव्हती. जाडी बघत होती. एकतीस वर्षं तो रत्नं, रत्नं म्हणून चिडवत राहिला आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत एकेक मायनसची काच वेगळी काढत राहिली. त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. मग तिला कळलं कधी?

बाई तोवर फळी पुसायला लागल्या होत्या. स्वेटरचं पाणी सांडलं होतं. त्यांनी बटणांची बशी उचलली.

"ती तिथेच ठेवा," तो सवयीने म्हणाला.

"ठेवते हो, पुसू तरी द्या. हे काय आहे?"

बशीच्या जागी, लाकडात, एक काळा ठिपका होता. वाटाण्याएवढा, गोल. आत खोल गेलेला, आणि वर्षानुवर्षं बशी सरकून सरकून कडा गुळगुळीत झालेल्या. चष्मेवाल्याने त्यावर बोट ठेवलं. बोटाच्या पेराएवढंही नव्हतं ते.

लग्नानंतरचा पहिला नाताळ. दुकान नवीन, खिशात काही नाही, आणि ती म्हणाली होती, मी करते काहीतरी, तुम्ही खाली जा. दुपारी तो वर आला तर खिडकी रिकामी होती आणि खोलीत कसलातरी वास होता. ती म्हणाली होती, दूध करपलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत काचा होत्या, भिंतीवर बांगड्या होत्या आणि फळीवर बटणांची बशी होती.

"दूध करपलं," चष्मेवाला म्हणाला.

"कुठे?" बाईंनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्याला खुर्चीला धरावं लागलं. एकतीस वर्षं! चष्मेवाल्याच्या बायकोने काचेने घर जाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, हे कोणाला कळू नये म्हणून एकतीस वर्षं बशीवर पहारा. बाई आधी घाबरल्या, मग सगळं ऐकून त्याही हसायला लागल्या. खालून पोस्टमन विचारत होता, "आग विझली का? मी जाऊ का?"

"जा!" दोघं एकदम ओरडले.

बाईंनी स्वेटर नेला. जाताना म्हणाल्या, "तपकिरी दोरा नाहीये माझ्याकडे. हिरव्याने करते."

"करा. तिनेही हिरव्यानेच केलं असतं."

त्या संध्याकाळी अठ्ठावीस काचा खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने खोका पुन्हा ओतला, खुर्ची सोडून तिच्यासारखी जमिनीवर बसकण मारली आणि डोळे मिटून निवडायला लागला. बघितलं की हात स्वच्छ काचेकडे जातो, म्हणून डोळे मिटून. दोन बोटं आणि अंगठा. मध्ये पातळ, बाजूला. मध्ये जाड, खोक्यात. किती तरी काचांवर ओरखडे होते. एकीवर कोण्या पोराने दात लावल्यासारखी खूण होती. एकेक काच अंगठ्याखालून जाताना त्याला वाटत होतं, ही तिच्याही अंगठ्याखालून गेली असेल. काही तर नक्कीच गेल्या असतील, दर नाताळला वर, मग परत खोक्यात, मग परत वर. सव्वीस निघाल्या. प्रत्येकीला त्याने एकच दोरा बांधला. फिरू देत गरगर.

लेक यायची त्या दुपारी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. जेवून तो खोलीत आला आणि दारातच थांबला.

भिंत भरली होती. बांगड्या छतापासून फांदीपर्यंत पसरल्या होत्या. काही गोल, काही चपट्या, काही एकमेकींत अडकलेल्या. चुन्याच्या फांदीवरून एक चढत होती. दाराच्या चौकटीवर एक वाकून बसली होती. हलक्या वाऱ्याने काचा फिरल्या की सगळी खोलीच पाण्याखाली असल्यासारखी हलायची, आणि संत्र्याच्या सालींचा वास यायचा. आवाज कशाचाच नव्हता.

खुर्चीवर स्वेटर परत आला होता, खांद्यावर हिरव्या दोऱ्याची जाळी घेऊन. अकरा महिन्यांत चष्मेवाला त्या खुर्चीत बसला नव्हता. आज बसला. पाठ टेकली तशी लोकर मानेला लागली. एक बांगडी त्याच्या गुडघ्यावरून हळूहळू हातावर आली. तो तिच्याकडे बघत राहिला. ती मनगटापाशी आली, थांबली, चपटी झाली, पुन्हा गोल झाली.

ती खोक्यापुढे बसली होती. दुकानच होतं, पण भिंती वरच्या खोलीच्या होत्या आणि खिडकी कुठे होती ते कळत नव्हतं. तिने वर पाहिलं नाही.

"इतके दिवस कुठे होतीस?" त्याने विचारलं.

"मी कुठे असणार?" ती म्हणाली. तिचा चेहरा हलत होता. बोलताना डावी भुवई वर जायची, ते तो पार विसरला होता. "तुम्ही झोपता कुठे? पाठीवर पडून छताकडे बघत वाट पाहता. अशाने कोणी येतं का? माणसाला लाज वाटते."

"पोस्टमनकडे बरी गेलीस."

"त्याच्या चाकात खरंच हवा नव्हती."

तिने एक काच उचलली, अंगठा फिरवला, बाजूला ठेवली. त्याला खूप बोलायचं होतं. दवाखान्यातलं बोलायचं होतं, नंतरचं बोलायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"बशीखालचं सापडलं मला."

तिचा हात थांबला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं, लग्नाच्या वेळी पाहायची तशी. मग खांदे हलायला लागले.

"दूध करपलं होतं," ती हसत हसत म्हणाली.

"हो. मलाही करपलं परवा."

"बघितलं मी. माझाच स्वेटर मिळाला तुम्हाला?" ती उठली, ओच्यातल्या काचा सावरल्या. उभी राहिली तशा भिंतीवरच्या सगळ्या बांगड्या तिच्या अंगावरून सरकल्या, कपाळावरून, मानेवरून, हातांवरून. ती दाराकडे गेली. तो म्हणणार होता, थांब. पण दारातून ती वळली आणि नेहमीच्या, जराशा वैतागलेल्या आवाजात बोलली.

"आणि अहो, शिडी आत घ्या."

जिन्यावर धबधब पावलं वाजली. चष्मेवाल्याने डोळे उघडले. बुंदी कोट न काढताच खोलीत शिरली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. ऊन कललं होतं, बांगड्या पलीकडच्या भिंतीवर सरकल्या होत्या आणि पिवळ्या झाल्या होत्या. तिने हात लावला आणि एक मनगटावर येईपर्यंत श्वास रोखून धरला.

मागून लेक आली. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. पाकिटांच्या माळेवरून, फांदीवरून, खिडकीवरून. मग बापाकडे पाहिलं. तो तिच्या आईच्या खुर्चीत बसला होता आणि त्याचे डोळे ओले होते, पण तो हसत होता.

"बाबा, काय झालं?"

"आली होती."

लेकीला विचारावं लागलं नाही, कोण. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "काय म्हणाली?"

चष्मेवाला उठला. उठताना त्याने स्वेटरच्या हिरव्या रफूवरून एकदा हात फिरवला.

"म्हणाली, शिडी आत घ्या," तो म्हणाला आणि खाली शिडी घ्यायला गेला.